दोन मिलिमीटरची फट

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर 'मॉडेल रेल्वे' म्हटलं की तेच उभं राहतं. एक मोठी खोली, तिच्यात कायमचं वसवलेलं गाव, दिवे लागलेली घरं आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. एका माणसाच्या ध्यासातून वर्षानुवर्षं घडलेलं, जागचं न हलणारं काम. इथं मिनेसोटात आल्यावर मी ज्या प्रकाराच्या नादी लागले, त्यात गाव कायमचं नसतंच. महिन्यातून एका शनिवारी सकाळी आठ वाजता एका भाड्याच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं आपापल्या गाड्यांच्या डिकीतून लाकडी खोके काढतात, टेबलांवर ओळीनं मांडतात आणि दहाच्या सुमारास त्या खोक्यांवरून अखंड रेल्वे धावू लागते. संध्याकाळी पाचला हॉल रिकामा करून द्यायचा असतो.

प्रत्येक खोका वेगवेगळ्या तळघरात, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या अवजारांनी तयार झालेला. कुणी सुतारकामात मुरलेलं, कुणी पहिल्यांदाच करवत हातात धरलेलं. एकाच्या खोक्यावर कॅन्सस राज्यातली धान्याची कोठारं, शेजारच्या खोक्यावर टोकियोचं एखादं उपनगर. तरीही चाळीसेक खोके जोडले की ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून गाडी न अडखळता फिरते. मी दिवसा पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं दोन गटांनी बनवलेली उपकरणं एकमेकांना जोडताना काय हाल होतात ते रोज बघते. त्यामुळे ही रेल्वे जुळते कशी, हा प्रश्न मला गाड्यांपेक्षाही जास्त आवडतो.

थोडा इतिहास. सुट्या भागांची मॉडेल रेल्वे ही कल्पना अनेक ठिकाणी उगवली, पण एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० या प्रमाणात, ती रुजली १९७३ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात. बेन डेव्हिस, जिम फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या मित्रांनी 'एन-ट्रॅक' नावाचं मानक तयार केलं. पाय लावलेली, चार फूट लांबीची मॉड्यूल्स आणि त्यांवर शेजारी शेजारी तीन मुख्य मार्ग. जर्मनीतल्या फ्रेमो या संघटनेनं युरोपात याच दिशेनं आपली वेगळी वाट काढली. आमचा गट वापरतो ते मानक यांच्यापेक्षा तरुण आहे. त्याचं नाव टी-ट्रॅक. जिम फिट्झगेराल्ड यांच्या पत्नी ली मोनॅको-फिट्झगेराल्ड यांनी जपानमध्ये टेबलावर मांडायची अशी छोटी मॉड्यूल्स पाहिली आणि या शतकाच्या सुरुवातीला ती कल्पना अमेरिकेत आणली. चार फुटांचं मॉड्यूल न्यायला मोठी गाडी लागते, टी-ट्रॅकचं मॉड्यूल मांडीवर घेऊन बसनंही नेता येतं.

आता मानकाकडे. टी-ट्रॅकमध्ये रूळ जपानच्या कातो कंपनीचे असतात. ते प्लॅस्टिकच्या पायावर बसवलेले असून प्रत्येक टोकाला खटकन बसणारा सांधा असतो. एका साध्या मॉड्यूलवरच्या रुळाची लांबी ३१० मिलिमीटर. २४८ चा एक तुकडा आणि ६२ चा एक. आणि ज्या खोक्यावर हा रूळ चिकटवायचा, त्याची लांबी किती? ३०८.

हे २ मिलिमीटर मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. रूळ खोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर येतो. दोन मॉड्यूल्स जोडली की रूळ रुळाला भिडतो आणि लाकडांमध्ये २ मिलिमीटरची फट उरते. लाकूड लाकडाला कधी टेकतच नाही. करवत थोडी वाकडी चालली, एखादी कड पाऊण मिलिमीटर फुगली, तरी ती चूक त्या फटीत जिरते. जुळवण्याचं काम सुताराकडून काढून घेऊन कारखान्यात साच्यातून निघालेल्या रुळावर सोपवलेलं आहे. दुप्पट लांबीचं मॉड्यूल करायचं तर रूळ ६२० चा आणि खोका ६१८ चा. तिप्पट असेल तर ९३० आणि ९२८. लांबी कितीही असो, फट तेवढीच.

गेल्या वर्षी गटात एक नवे सदस्य आले. पेशानं यंत्रकार, हात अतिशय अचूक. त्यांना ही फट म्हणजे ढिसाळपणा वाटला. त्यांनी खोके बरोबर ३१० चे केले, रुळाच्या टोकाला लाकडाचं टोक अगदी समतल. पाहायला ते खोके दागिन्यासारखे होते. पण दोन खोके भिडवले की आधी लाकूड लाकडाला टेकायचं आणि रुळांचा सांधा अर्धवट बसायचा. उन्हाळ्यातल्या दमट हवेत तर तो खटका बसेचना. अखेर त्यांनीच दोन्ही टोकांवरून एकेक मिलिमीटर रंधून काढलं. काम अचूक असणं वेगळं आणि अचूकता कुठे खर्च करायची हे ठरवणं वेगळं, हे त्यांच्या खोक्यांइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मानक आणखी काय सांगतं? समोरच्या कडेपासून रूळ किती आत हवेत. दोन मार्गांच्या मध्यरेषांत ३३ मिलिमीटर अंतर हवं. खोक्याची उंची किमान ७० मिलिमीटर हवी आणि खाली फिरवून ती वाढवता येईल असे स्क्रू हवेत, कारण कुठल्याही हॉलमधली दोन टेबलं सारख्या उंचीची नसतात. तारांचा रंग निळा आणि पांढरा, कुठला कुठल्या रुळाला हे ठरलेलं. बस्स. ही सगळी बंधनं कडांपुरती आहेत. आत डोंगर करा, तळं करा, मंगळावरची वसाहत करा, कुणी विचारत नाही.

एक बंधन मात्र आतपर्यंत पोचतं. माझं स्वतःचं मॉड्यूल भोर घाटाचं आहे. ६१८ मिलिमीटर म्हणजे १:१६० प्रमाणात जेमतेम ९९ मीटरचा घाट, चार डबे उभे राहतील एवढा. खऱ्या घाटात चढ १ ला ३७ आहे. त्या हिशेबानं माझा रूळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १७ मिलिमीटर चढायला हवा. पण दोन्ही टोकं एकाच उंचीवर असणं सक्तीचं. म्हणजे घाट सपाट! यावर उपाय काय, तर रूळ आडवा ठेवायचा आणि भोवतीची जमीन तिरकी करायची. मागच्या कड्यावरचे खडकांचे थर, खालची दरी, झाडांची ओळ, सगळं एका बाजूला उतरतं केलं की डोळा रुळालाच चढ देतो. पाहणारे हमखास विचारतात की गाडी चढताना इंजिन दमत नाही का.

(खरं तर भारतीय गाडीला इथं आणखी एक अडचण आहे. ९ मिलिमीटरचा रूळ १६० नं गुणला तर १४४० मिलिमीटर येतात, म्हणजे अमेरिका-युरोपच्या १४३५ च्या मापाला अगदी जवळ. आपला ब्रॉड गेज १६७६. त्याला साडेदहा मिलिमीटर लागतील. त्यामुळे भोर घाटातून धावणारी माझी डेक्कन क्वीन थोड्या अरुंद पावलांनी चालते. जाणकारांनी तिकडे दुर्लक्ष करावं.)

लहान प्रमाणाचं भौतिकशास्त्र थोडं फसवं असतं. लांबी १६० नं भागली जाते, पण घनफळ १६० च्या घनानं, म्हणजे सुमारे ४१ लाखांनी. १२० टनांचं इंजिन या न्यायानं फक्त २९ ग्रॅमचं व्हायला हवं. तेवढं हलकं इंजिन डबे ओढणार नाही आणि त्याची चाकं रुळावर नीट दाबली जाणार नाहीत. म्हणून उत्पादक आत धातूचा ठोकळा भरून ते मुद्दाम जड करतात. उलट, हॉलमधली धूळ १६० पट लहान होत नाही. रुळावरचा काळपट थर किंवा बोटाचा तेलकट ठसा इंजिनाच्या दृष्टीनं मोठा अडथळा असतो, कारण वीज चाक आणि रूळ यांच्या एवढ्याशा स्पर्शातूनच आत जाते. मांडणी झाली की सगळ्यात आधी रूळ पुसायचे, हा नियम त्यामुळेच.

सांध्यांचंही तसंच. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते, फ्लँज, ती गाडीला रुळावर धरून ठेवते. एन स्केलमध्ये तिची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सांध्यावर रुळांची टोकं अर्धा मिलिमीटर वरखाली झाली, तर ते खऱ्या रुळावर ८० मिलिमीटरची पायरी असल्यासारखं आहे. गाडी घसरणारच. आम्ही प्रत्येक सांध्यावरून बोटाचं नख फिरवतो. नख अडलं तर चाक अडेल. कुठल्याही मोजपट्टीपेक्षा ही चाचणी जलद आणि भरवशाची.

आता मुख्य मुद्दा. सरळ ओळीत मॉड्यूल्स जोडत जाणं सोपं आहे. पण गाडी फिरत राहायची तर मार्ग बंद व्हायला हवा. पहिल्या मॉड्यूलपासून निघून चार कोपरे वळून आपण पुन्हा पहिल्याच मॉड्यूलपाशी येतो, आणि तिथं शेवटचा सांधा बसायला हवा. बाकीचे सगळे सांधे जोडताना पुढचं मॉड्यूल मोकळं असतं, जरा सरकवलं की बसतं. शेवटच्या सांध्याला ही सवलत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या चुका गोळा होऊन तिथं येऊन उभ्या राहतात.

किती चुका? आमच्या नेहमीच्या मांडणीचा हिशेब करू. लांब बाजूंना १४-१४ साधी मॉड्यूल्स, आखूड बाजूंना ३-३ आणि ४ कोपरे. एकूण ३८ मॉड्यूल्स, ३८ सांधे. आयत साधारण ५ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद. समजा प्रत्येक सांध्यात ०.२ मिलिमीटर खेळ आहे. सगळे सांधे एकाच दिशेनं ढिले राहिले तर ७.६ मिलिमीटर फरक पडेल. पण चुका कधी इकडे कधी तिकडे अशा विखुरलेल्या असतील तर त्या एकमेकींना खोडत जातात आणि बेरीज सांध्यांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ३८ चं वर्गमूळ सव्वासहाच्या जरा खाली, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर. एवढं तर रूळ सहज सामावून घेतात.

कोनाचं मात्र तसं नाही. एखादा कोपरा ९० अंशांऐवजी ९०.१ अंश बसला, म्हणजे अंशाच्या फक्त दहाव्या भागानं चुकला, तर त्याच्या पुढच्या १४ मॉड्यूल्सच्या ओळीचं टोक किती सरकेल? ४.३४ मीटर गुणिले ०.००१७५ रेडियन. उत्तर पुन्हा ७.६ मिलिमीटर! ३८ सांध्यांनी एकजुटीनं कट केला तर जेवढा घोळ होईल, तेवढा एक कोपरा डोळ्याला न दिसणाऱ्या तिरकेपणातून करतो. चूक कोपऱ्यावर छोटी असते, पण पुढची लांब ओळ तरफेसारखं काम करून तिला मोठी करते.

फेब्रुवारीतल्या बैठकीत याचं प्रात्यक्षिक झालं. पावणेदहा झाले होते, दहाला काही सदस्यांची मुलं आणि त्यांचे मित्र येणार होते, आणि समोरच्या लांब बाजूच्या मधोमध शेवटचा सांधा उघडा होता. लांबीत ९ मिलिमीटरची फट आणि वर आडवा ८ मिलिमीटरचा फरक. दोन तरुण सदस्यांनी दोन्हीकडून टेबलं धरून रेटली. फट मिटली आणि त्याच क्षणी तीन मॉड्यूल्स पलीकडचा सांधा टक्कन उघडला. पुन्हा रेटलं, दुसरीकडे उघडला. साखळीची लांबी आणि कोन ठरलेले असताना टोकाला जोर लावला की तो जोर सर्वांत कमकुवत सांध्यावर जातो.

आमच्या गटात एक निवृत्त भूमापक आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे. ते कॉफीचा कप बाजूला ठेवून आले आणि म्हणाले, "थांबा. इथं काही बिघडलेलंच नाही. बिघाड दुसरीकडे आहे, तो इथं फक्त दिसतोय." मग त्यांनी टेप काढून दोघांना समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभं केलं. काटकोन तपासायची ही रीत आपल्याकडचा कुठलाही गवंडी जाणतो. पायाची आखणी करताना दोन्ही कर्ण मोजायचे, समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे आले की कोपरे काटकोनात. आमचे कर्ण साधारण ५.३ मीटरचे. त्यांत ६ मिलिमीटरचा फरक निघाला. डावीकडची आखूड बाजू पायथ्याशी थोडी बाहेर झुकली होती, अंशाचा पाचवा भाग. त्यांनी ती बाजू टेबलासकट हलकेच आत घेतली.

आकडे बघा. आखूड बाजू १.६६ मीटर, झुकाव अंशाचा पाचवा भाग, म्हणजे टोक सुमारे ६ मिलिमीटर बाहेर. त्या कोपऱ्याला जोडलेली पुढची ७ मॉड्यूल्स त्याच कोनात तिरकी गेलेली, म्हणजे २.१७ मीटर अंतरावर आडवा फरक साधारण ८ मिलिमीटर. एकच कारण, त्याचे दोन परिणाम. बाजू सरळ होताच आडवा फरक नाहीसा झाला आणि लांबीतली फट ९ वरून ३ वर आली. उरलेले ३ मिलिमीटर त्यांनी शेवटच्या सांध्यावर लादले नाहीत. समोरच्या बाजूच्या प्रत्येक मॉड्यूलवर तळहात ठेवून एकेक सांधा थोडा थोडा दाबत गेले. प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर. शेवटचा सांधा बोटानं बसला.

भूमापनात या प्रकाराला क्लोजिंग एरर म्हणतात. बिंदूपासून बिंदूपर्यंत अंतर आणि कोन मोजत गावाला वळसा घालून परत सुरुवातीला या, हिशेबात तुम्ही कधीच नेमके तिथं पोचत नाही. एक पद्धत नॅथॅनिएल बाउडिच या अमेरिकन गणितज्ञ नाविकाच्या नावानं ओळखली जाते. मिळालेली चूक प्रत्येक टप्प्याच्या लांबीच्या प्रमाणात सगळ्या टप्प्यांवर वाटून टाकायची. अट एकच. आधी ठळक, एकाच ठिकाणची चूक शोधून काढायची आणि मगच उरलेली वाटायची. आमच्या भूमापकांनी आधी कर्ण मोजले ते याचसाठी. ढोबळ चूक सगळ्यांमध्ये वाटली तर सगळेच सांधे थोडे थोडे बिघडतात आणि मग दिवसभर गाड्या कुठेही घसरत राहतात.

फेब्रुवारीत आणखी एक खोडी असते, थंडी. बाहेर शून्याखाली १५, हॉलमध्ये २०. डिकीत रात्रभर राहिलेलं मॉड्यूल ३५ अंशांच्या फरकातून आत येतं. प्लॅस्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. रुळाखालचा प्लॅस्टिकचा पाया मोकळा असता तर ३१० मिलिमीटरमागे जवळजवळ पाऊण मिलिमीटर वाढला असता. लाकडाला चिकटवल्यामुळे तेवढा वाढत नाही, पण ताण राहतोच. म्हणून आल्या आल्या खोके टेबलांखाली अर्धा तास नुसते ठेवायचे आणि आपण चहा-कॉफी घ्यायची. नव्या सदस्यांना हा आळस वाटतो.

मार्ग जुळला, आता वीज. चाकांना वीज दोन रुळांतून मिळते, एक रूळ निळ्या तारेला, दुसरा पांढऱ्या. वीज फक्त रुळांतून एका टोकाकडून सोडली तर प्रत्येक सांधा थोडा थोडा विरोध करतो. समजा एका सांध्याचा रोध २० मिलिओहम आहे. पुरवठ्यापासून सर्वांत दूरचं ठिकाण १९ सांध्यांवर, आणि वीज एका रुळानं जाऊन दुसऱ्यानं परत येते म्हणून ३८ सांधे. झाला पाऊण ओहम. दोन-तीन इंजिनं एकदम चालली की पलीकडच्या बाजूला गाड्या मंदावतात. त्यामुळे टेबलांखालून जाड तांब्याच्या दोन तारा सगळीकडे फिरवतात आणि काही मॉड्यूल्सच्या अंतरानं त्यांतून रुळांना जोड देतात. चौदा नंबरच्या अमेरिकन तारेचा रोध मीटरमागे सुमारे ८ मिलिओहम, म्हणजे १० मीटर जाऊन १० मीटर परत आलं तरी ०.१७ ओहम.

हे नुसतं गाड्या मंद होण्यापुरतं असतं तर मी इतकी आग्रही नसते. खरा धोका निराळा आहे. गाडी घसरली की तिची धातूची चाकं दोन्ही रुळांना टेकून शॉर्ट सर्किट होतं. वीज पुरवणारा बूस्टर, समजा ५ अँपिअरचा, जास्त प्रवाह दिसताच स्वतःला बंद करतो. पण त्याला तो प्रवाह दिसायला हवा ना! रुळांत १२ व्होल्ट आहेत आणि तारा-सांध्यांचा मिळून रोध २.४ ओहमपेक्षा जास्त असेल, तर शॉर्ट झालं तरी प्रवाह ५ अँपिअरपर्यंत पोचतच नाही. बूस्टरला वाटतं की बऱ्याच गाड्या चालल्यात. तो ५०-६० वॅट ओतत राहतो आणि त्यातली बरीच उष्णता घसरलेल्या इंजिनाच्या चाकांशी, एखाद्या खराब सांध्याशी साठते. प्लॅस्टिक वितळायला तेवढं पुरतं.

म्हणून गाडी ठेवण्याआधी नाण्याची चाचणी. पाव डॉलरचं नाणं घ्यायचं, प्रत्येक मॉड्यूलवर क्षणभर दोन्ही रुळांना टेकवायचं. बूस्टरनं लगेच बंद व्हायलाच हवं. झाला नाही तर त्या भागाची जोडणी सुधारल्याशिवाय तिथं गाडी जाऊ द्यायची नाही. पाचवीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "तुम्ही मुद्दाम बिघाड का करता?" मी म्हटलं, बिघाड झाल्यावर रखवालदार जागा आहे का ते बघते. तिनं उरलेली सगळी मॉड्यूल्स स्वतः तपासली.

कधी उलटं होतं. चालू करताच बूस्टर बंद पडतो, म्हणजे कुठेतरी आधीच शॉर्ट आहे. बहुतेक वेळा कुणाच्या तरी निळ्या-पांढऱ्या तारा अदलाबदल झालेल्या असतात. ३८ मॉड्यूल्स एकेक करून तपासायची गरज नसते. मार्ग आणि तारा मधोमध तोडायच्या, कुठल्या अर्ध्यात शॉर्ट आहे ते पाहायचं, तो अर्धा पुन्हा अर्धा करायचा. ३८, १९, १०, ५, ३, २, १. जास्तीत जास्त सहा वेळा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो.

आता एकाच रुळावर तीन गाड्या तीन वेगवेगळ्या वेगांनी कशा? सगळ्यांना वीज तर एकच मिळते. जुन्या पद्धतीत वेग व्होल्टेजवर ठरायचा, त्यामुळे एका मार्गावरची सगळी इंजिनं एकदमच पळायची. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून आहे. तिनं १९९० च्या दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेलं डीसीसी नावाचं मानक स्वीकारलं. त्यात रुळांत सतत पूर्ण वीज असते, फक्त तिची दिशा झपाट्यानं उलटसुलट होत राहते आणि त्या उलटण्याच्या तालातच संदेश असतो. ५८ मायक्रोसेकंदांनी दिशा बदलली आणि परत तेवढ्याच वेळानं बदलली, तर तो '१'. १०० मायक्रोसेकंद किंवा जास्त लागले तर '०'. वीज आणि निरोप एकाच रुळातून, एकाच वेळी.

निरोपाचा साचा असा. सुरुवातीला ओळीनं किमान चौदा '१', म्हणजे 'लक्ष द्या'. मग इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, मग तपासणीचा आकडा. ३ नंबरच्या इंजिनाचा पत्ता ००००००११. 'पुढे चल, या वेगानं' ही आज्ञा समजा ०११००१००. दोन्ही एकाखाली एक मांडा. जिथं अंक सारखे तिथं ०, जिथं वेगळे तिथं १. आलं ०११००१११. हाच तपासणीचा आकडा. इंजिनातली चिप हाच हिशेब स्वतः करून पाहते. जुळला नाही तर निरोप फेकून देते आणि आधीच्या आज्ञेप्रमाणे चालत राहते. हा एक निरोप सुमारे ६ मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे सेकंदाला दीडशेच्या आसपास निरोप जातात आणि आज्ञा पुन्हा पुन्हा दिल्या जातात. धुळीच्या कणामुळे चाकाचा स्पर्श क्षणभर तुटला, एखादा निरोप विस्कटला, तरी पुढचा लगेच मागून येतो. सांध्यांत जशी २ मिलिमीटरची फट, तशी इथं ही पुनरुक्ती.

दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली गाडी निघते. ती कधीही सर्वांत देखणी गाडी नसते. आमच्याकडे एक लांबट, सहा आसांचं, जरा नखरेल इंजिन आहे, जे बारीकशा पायरीवरही घसरतं. तेच आधी सोडायचं, अगदी सावकाश, एका बाजूनं आणि मग उलट बाजूनं, कारण रुळाची पायरी एका दिशेनं गाडी सहज उतरते आणि दुसऱ्या दिशेनं तिला धडकते. त्याच्या मागे एक हलका रिकामा डबा. जिथं घसरेल तिथं मॉड्यूलच्या कडेला छोटी लाल चिठ्ठी. दोन फेऱ्या बिनचिठ्ठीच्या झाल्या की मुलांच्या हातात नियंत्रणं द्यायची.

उतरवायला चढवण्याच्या निम्मा वेळही लागत नाही. फक्त एक पथ्य. सांधा उघडताना मॉड्यूल वर उचलायचं नाही, सरळ आडवं ओढायचं. वर उचललं की रुळाखालचा खटका तुटतो. तुटलेले सांधे आमचा खजिनदार एका डबीत जमवतो आणि पुढच्या वर्गणीच्या वेळी ती डबी टेबलावर उघडी ठेवतो.